रोज चालवायच्या ताकदवान गाडीला थर्मोस्टॅट किती अंशांचा घ्यावा?

गाडी रीमॅप झाली, म्हणजे ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलला, एक्झॉस्ट बदलला, की पुढचा सल्ला ठरलेला असतो: "आता थंड थर्मोस्टॅट टाक." म्हणजे कंपनीचा ८८ अंशांचा काढायचा, ७१ चा बसवायचा, इंजिन थंड राहणार आणि ताकद वाढणार. काही गाड्यांना काही वेळा याचा उपयोग होतो. बाकीच्या गाड्यांच्या वाट्याला लवकर खराब होणारं ऑइल, उतरलेलं मायलेज आणि चेक इंजिनचा दिवा येतो. आपली गाडी कोणत्या गटात बसते हे सुटा भाग विकत घेण्याआधी घरच्या घरी ठरवता येतं. त्यासाठी काय मोजायचं, काय घ्यायचं आणि ते कसं बसवायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

थर्मोस्टॅटच्या हातात काय असतं

थर्मोस्टॅटमध्ये पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ते ठरावीक तापमानाला वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडते. तोवर कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव, इंजिनातच, रेडिएटरला टाळणाऱ्या बायपासच्या वाटेने फिरत राहतं. पत्र्यावर ठोकलेला ८२ किंवा ८८ हा आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो. पूर्ण उघडायला त्याच्या वर आणखी १० ते १३ अंश लागतात. म्हणजे ८२ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो तो ९२ ते ९५ च्या आसपास.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज असतो. थर्मोस्टॅट ठरवतो ते इंजिनाचं किमान तापमान. एकदा तो पूर्ण उघडला की त्याच्या हातात काहीच उरत नाही. त्यापुढे तापमान कुठे थांबेल हे रेडिएटरचा आकार, पंखा, वॉटर पंप आणि बाहेरची हवा ठरवतात. जी गाडी ट्रॅफिकमध्ये १०५ वर जाते, ती ७१ चा थर्मोस्टॅट लावूनही १०५ वरच जाणार. फक्त तिथे पोचायला दोन-चार मिनिटं जास्त लागतील.

पायरी १: आधी आठवडाभर मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ पासून १०५ पर्यंत तो मधोमधच उभा दिसतो, म्हणजे आपल्याला जो पट्टा पाहायचा आहे तोच तो लपवतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायची जोडणी) ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि मोबाइलवर चार गोष्टी नोंदवा: कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) आणि वेग. गाडी ऑइलचं तापमान दाखवत असेल तर तेही घ्या. ते फार मोलाचं आहे. वाचायचं मात्र गाडी थांबल्यावर. चालवताना ॲपला नोंद ठेवू द्या.

चार प्रसंगांच्या नोंदी हव्यात. एक, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यापासून तापमान स्थिरावेपर्यंत. दोन, सपाट मोकळ्या रस्त्यावर ८० ते ९० च्या एकसारख्या वेगाने किमान १५ मिनिटं. तीन, एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडत. चार, घाट चढताना. खोपोलीहून लोणावळ्याकडे, कसारा, खंबाटकी, आंबोली, जो जवळ असेल तो. प्रत्येक नोंदीसमोर बाहेरचं तापमान लिहा. जानेवारीतल्या निफाडची नोंद आणि मे महिन्यातल्या चंद्रपूरची नोंद शेजारी ठेवून काही कळत नाही.

पायरी २: नोंद काय सांगते

सपाट रस्त्यावरची नोंद सर्वांत आधी पाहा. तापमान थर्मोस्टॅटवरच्या आकड्याच्या वर ५-७ अंशांत स्थिर असेल, तर सूत्रं थर्मोस्टॅटच्याच हातात आहेत. अशा गाडीत कमी अंशांचा थर्मोस्टॅट लावला तर तापमान खरोखर खाली येईल.

सपाट रस्त्यावरच ते आकड्याच्या १५ किंवा जास्त अंश वर असेल, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याचं तापमान ओलांडूनही उष्णता नीट बाहेर जात नाहीये. रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी तुंबला आहे, कूलंट कमी आहे, वॉटर पंपाचं पातं झिजलं आहे किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतो आहे. हे आधी दुरुस्त करा. आकडा बदलून यातलं काहीच सुटत नाही.

याउलट मोकळ्या रस्त्यावर तापमान छापील आकड्याच्या खाली घसरत असेल, आणि ट्रॅफिकमध्ये आल्यावर पुन्हा चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. कंपनीच्याच अंशांचा नवा टाकून मोजणी पुन्हा करा.

फक्त ट्रॅफिकमध्येच तापमान चढत असेल तर प्रश्न पंख्याचा आहे: पंखा कितीला सुरू होतो, दोन्ही वेग चालतात का, रेडिएटरभोवतीचं प्लॅस्टिकचं आच्छादन जागेवर आहे का.

नवख्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि रेडिएटरचं चांगलं १.१ बारचं (दाब धरणारं) झाकण असेल तर मिश्रण उकळायला १२५ अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यामुळे स्कॅनरवर १०० दिसलं म्हणून गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडायची गरज नाही. बऱ्याच आधुनिक इंजिनांचं ते रोजचंच तापमान असतं. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही, कोणत्याही कारणाने उघडू नका.

पायरी ३: ताकद नेमकी कुठून येते ते समजून घ्या

गरम सिलिंडर हेडमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी भडकण्याची, म्हणजे नॉक होण्याची शक्यता वाढते. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद उतरते. कूलंट ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं तर बरेच ईसीयू नॉक नसतानाही खबरदारी म्हणून टायमिंग मागे घेतात. थंड थर्मोस्टॅटचा फायदा एवढ्याच वाटेने येतो.

म्हणून नोंदीत पाहा: चौथ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर टायमिंग मागे जातं का, आणि ते कूलंट गरम असतानाच जातं का? टायमिंग जागचं हलत नसेल, तर थंड थर्मोस्टॅट तुम्हाला काही देणार नाही. उलट सिलिंडरच्या थंड भिंती जास्त उष्णता पाण्यात ओढून नेतात आणि ऑइल घट्ट राहिल्याने घर्षण वाढतं, म्हणजे थोडं नुकसानच. टर्बो गाडीत तर टायमिंग मागे जाण्याचं कारण बहुधा कूलंट नसून आत जाणारी तापलेली हवा असते. दोनदा पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गाडी पळवल्यावर हवेचं तापमान ६० च्या पुढे जात असेल, तर पैसे इंटरकूलरवर, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या भागावर, घाला.

दुसरी बाजू ऑइलची. इंजिन थंड असताना पिस्टनच्या कडेने थोडं कच्चं पेट्रोल आणि ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल ९० ते १०० अंशांवर काही वेळ राहिलं की ते उडून जातं. कूलंटच ७२ वर बांधून ठेवलं आणि रोजचा प्रवास ६ किलोमीटरचा असेल, तर ऑइल तिथवर पोचतच नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसू लागतो, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हे जास्त होतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने त्यात भर पडते, कारण इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि थंड इंजिनात ते नीट उडत नाही.

पायरी ४: आकडा निवडा

परदेशी दुकानांचे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. १६० म्हणजे ७१ सेल्सियस, १७० म्हणजे ७७, १८० म्हणजे ८२ आणि १९५ म्हणजे जवळजवळ ९१. अमेरिकेतल्या मोठ्या व्ही८ गाड्यांच्या दुनियेत १६० चा थर्मोस्टॅट फार लोकप्रिय आहे, आणि आपल्याकडे येणारा सल्ला बहुतेक तिथलाच असतो. तिथल्या ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे छोट्या सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या, गाडीचा दिवस आणि ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्या गाडीचा दिवस यांत फार अंतर आहे.

८७ ते ९२ अंश, म्हणजे बहुतेक आधुनिक गाड्यांचा कंपनीचा आकडा. मूळ अवस्थेतली गाडी, बाकी भाग न बदलता केलेला पहिल्या टप्प्याचा रीमॅप, छोटे शहरी फेरे, नाशिक-महाबळेश्वरची थंडी, यांपैकी काहीही असेल तर हाच ठेवा. रीमॅप करणाऱ्यांनी सांगितलं नसेल तर बदलायचं कारणच नाही. तुम्ही टोरंटो किंवा न्यू जर्सीत असाल तर हिवाळ्यात हीटर आणि काचेवरचं धुकं हा प्रश्न याच आकड्याने सुटतो.

८० ते ८२ अंश. मूळ आकडा ८८ किंवा वरचा आहे, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलेला आहे किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) जास्त आहे, नोंदीत गरम कूलंटबरोबर टायमिंग मागे जाताना दिसतं, रोजचा एका बाजूचा प्रवास २० मिनिटांच्या पुढे आहे आणि रेडिएटर निरोगी आहे, तर हा आकडा योग्य. मूळ आकड्यापेक्षा ६ ते १० अंश कमी, याहून खाली रोजच्या गाडीत जायची गरज आमच्या मते क्वचितच पडते. अनेक टोयोटा इंजिनांचा मूळ आकडाच ८२ आहे, आणि होंडाच्या बऱ्याच जुन्या पेट्रोल इंजिनांचा त्याहून खाली, ७८ च्या आसपास. अशा गाडीत 'थंड' थर्मोस्टॅट आधीपासूनच बसलेला आहे. तिला हात लावू नका.

७१ किंवा त्याहून कमी. ही ट्रॅकची वस्तू आहे. तिथे इंजिन सतत पूर्ण भारावर असतं आणि ऑइल आपोआप तापतं. रस्त्यावर याची अडचण गणिताने दिसते. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे कूलंट आणि हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर अवलंबून असतं. मे महिन्यात नागपुरात हवा ४५ अंश धरा. कूलंट ९० असेल तर फरक ४५ चा, कूलंट ७२ असेल तर फक्त २७ चा. म्हणजे तोच रेडिएटर ७२ वर ४० टक्के कमी उष्णता फेकतो. इंजिन ७२ वर टिकणारच नाही, ते चढत चढत पुन्हा ९० च्या घरात जाईल. शिवाय कंपनीचा पंखा ९५ च्या आसपास किंवा त्याच्याही वर सुरू होतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वारा लागत नाही, तेव्हा तापमान पंख्याच्याच आकड्यावर जाऊन बसतं आणि मोकळा रस्ता लागला की थेट ७२ वर कोसळतं. हे सततचं वर-खाली हेड गॅस्केटला (सिलिंडर हेडखालच्या सीलला) आणि प्लॅस्टिकच्या जोडांना चांगलं नाही.

आणि काही गाड्यांत निवडायला आकडाच नसतो. फोक्सवॅगन समूहाच्या १.८ टीएसआयच्या तिसऱ्या पिढीत, उदाहरणार्थ ऑक्टाव्हियाच्या त्या इंजिनात, कूलंटची वाट मोटरने फिरणारे व्हॉल्व्ह ठरवतात आणि ईसीयू भारानुसार तापमान बदलतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांत मेणाला विजेने तापवून थर्मोस्टॅट हवा तेव्हा लवकर उघडला जातो. हळू चालताना ते १०० च्या पुढे ठेवतात आणि ॲक्सिलरेटर दाबताच खाली आणतात. अशा गाडीत बदल करायचाच तर तो रीमॅपमध्ये करून घ्या. भाग कंपनीचाच राहू द्या.

"वॉल्व्ह काढूनच टाका"

वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅटच. हा सल्ला आपल्याकडे हायवेवरच्या अनेक गॅरेजमध्ये मिळतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. अनेक थर्मोस्टॅटच्या तळाला दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडते तशी ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातं. घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते ती यामुळे. 'पाणी जोरात फिरतं म्हणून रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही' हे स्पष्टीकरण चूक आहे. प्रवाह वाढल्याने रेडिएटरची उष्णता फेकण्याची क्षमता कमी होत नाही. आणि बायपास नसलेल्या इंजिनात उलटं होतं: ते कधी पुरेसं तापतच नाही, ईसीयू गाडी थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल देत राहतो.

पायरी ५: सामान

थर्मोस्टॅट घेताना अंशांइतकंच माप महत्त्वाचं. जुना सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: कडेचा व्यास, चकतीपासून तळापर्यंतची उंची, आणि तळाची बायपास चकती. स्वस्त नकलांमध्ये ही खालची चकती नसते किंवा दोन-तीन मिलिमीटर आखूड असते. अंश बरोबर असूनही मग बायपास बंद होत नाही. काही थर्मोस्टॅट एकदा फार तापले की सुरक्षेसाठी कायमचे उघडे अडकतात. तसे घेतलेत तर ओव्हरहीटच्या प्रत्येक प्रसंगानंतर बदलावे लागतील.

बाकी यादी छोटी: नवं गॅस्केट किंवा ओ-रिंग, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच प्रकारचं कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, गंजलेल्या क्लिपांच्या जागी नव्या क्लिपा. थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते हाऊसिंग प्लॅस्टिकचं असेल आणि गाडी सात-आठ वर्षांची असेल तर तेही घेऊन ठेवा. जुनं प्लॅस्टिक बोल्ट सोडवतानाच तडकतं. पूर्ण सिस्टिम ६ लिटरची असेल आणि सगळं बदलायचं असेल तर पाणी न मिसळलेलं ३ लिटर कूलंट आणि ३ लिटर पाणी. आधीच पाणी मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. रंग पाहून दोन कूलंट एकमेकांत मिसळू नका. रंगावरून प्रकार कळत नाही आणि चुकीच्या मिश्रणाचा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

पायरी ६: पातेल्यातली परीक्षा

बसवण्याआधी नवा थर्मोस्टॅटही तपासा. त्याच्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवा आणि त्याच दोऱ्याने तो पाण्याच्या पातेल्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर शेजारी धरा, आच मंद ठेवा, पाणी ढवळत राहा. झडप उघडू लागली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. तो आकडा लिहा. छापील आकड्यापासून २ अंशांचा फरक चालतो, ५ चा नाही. मग तो बाहेर काढून गार होऊ द्या आणि झडप पूर्ण मिटते का ते उजेडासमोर धरून बघा.

पाणी पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६ लाच उकळतं. त्यामुळे ९० च्या वरचा थर्मोस्टॅट उघडू लागलेला दिसेल, पूर्ण उघडलेला दिसणार नाही. तो खराब नाही. वापरलेला थर्मोस्टॅट तपासला असेल तर ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका, कूलंट विषारी असतं.

पायरी ७: बसवणं

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. रेडिएटरच्या खालच्या बुचातून किंवा खालच्या होजमधून (रबरी नळीतून) २-३ लिटर कूलंट स्वच्छ भांड्यात काढा. त्याला गोडसर चव असते आणि कुत्री-मांजरं ते चाटून मरतात, म्हणून जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन पुसा आणि भांडं उघडं ठेवू नका.

काढण्यापूर्वी जुना कसा बसला आहे त्याचा फोटो घ्या. मेणाची डबी आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे असते. उलटा बसला तर गरम कूलंट मेणापर्यंत पोचत नाही आणि पहिल्याच फेरीत गाडी तापते. कडेला छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, घड्याळातल्या १२ च्या जागी ठेवा. तिच्यातून अडकलेली हवा निघते. बसायची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, ॲल्युमिनियमवर पाना किंवा ब्लेड चालवू नका. ओ-रिंगला कूलंटचं बोट लावा, सीलंट लावू नका. हाऊसिंगचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरवर, आलटून पालटून आवळा. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

मग हवा काढा. नव्याने हे काम करणाऱ्यांची गाडी तापते ती बहुतेक इथे घाई केल्याने. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडून कूलंटची सलग धार येईपर्यंत हळूहळू भरा. स्क्रू आणि झाकण बंद करून इंजिन चालू करा. होज हाताने दाबत राहा, पंख्यापासून हात लांब ठेवा. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा येत नसेल किंवा तापमान झटक्याने ७५ वरून १०० वर जाऊन परत पडत असेल, तर हवा अजून आत आहे. बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली पातळी बघा, थोडी उतरलेली असतेच.

पायरी ८: पुन्हा मोजा

त्याच चार प्रसंगांच्या नोंदी पुन्हा घ्या, शक्यतो त्याच वेळी, तितक्याच उन्हात. सपाट रस्त्यावरचं तापमान खाली आलं का, पूर्ण ॲक्सिलरेटरला टायमिंग आता टिकतं का, आणि २० मिनिटांनंतर ऑइल ९० ला पोचतं का, हे तीन प्रश्न. ऑइल पोचत नसेल तर बाकी दोन्ही उत्तरं कितीही चांगली आली तरी जुना आकडा परत लावा.

आठवड्याभरात पी०१२८ हा कोड आला, तर ईसीयूला इंजिन अपेक्षित वेळेत तापलेलं दिसत नाहीये. ८२ चा थर्मोस्टॅट असताना तो आला तर आधी थर्मोस्टॅट नीट मिटतो का ते तपासा. ७१ चा असताना तो बहुधा येणारच. रीमॅप करणाऱ्याकडून हा कोड नुसता बंद करून घेऊ नका, कारण उद्या थर्मोस्टॅट खरंच उघडा अडकला तर सांगणारं कोणी उरणार नाही. त्याच्याकडून करून घ्यायचं काम वेगळं आहे: पंख्याचा पहिला वेग थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याच्या जरा वर आणणं, म्हणजे ८२ च्या थर्मोस्टॅटला ९५ ते ९७, आणि थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा तक्ता नव्या तापमानाच्या आत संपतो ना ते पाहणं. पंखा याहून खाली आणला तर तो एकदा सुरू झाल्यावर बंदच होत नाही, मोटर लवकर जळते.

थंड थर्मोस्टॅट लावलेल्या गाडीचं ऑइल पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यावर बदला, निदान पहिल्या दोन वेळा, आणि प्रत्येक वेळी फिलरच्या झाकणाची आतली बाजू बघा.